रक्त तिचं, आकडा कुणाचा?

मी एक मीटर आहे आणि मी चिडलो आहे.

लाइटीचा किंवा रिक्षाचा मीटर नव्हे, रक्ताचा. तळहातावर मावेन एवढाच आहे. अंगाने पांढरा, वर छोटा पडदा आणि खाली एक बारीक फट. बोट टोचून आलेला थेंब कागदासारख्या एका पट्टीवर घेतात आणि ती पट्टी माझ्या फटीत सरकवतात. मी थोडा विचार करतो आणि पडद्यावर आकडा दाखवतो. त्या माणसाच्या रक्तात हिमोग्लोबिन किती आहे, त्याचा तो आकडा. बाईचा बारा किंवा त्याच्या वर आला तर ठीक. त्याच्या खाली जाऊ लागला की काळजी. आठाच्याही खाली गेला तर घरी बसून भागत नाही, दवाखाना गाठावाच लागतो.

यंत्राला राग येत नाही असं माणसं म्हणतात. राग यायला लागतं तरी काय? एखादी खरी गोष्ट ठाऊक असावी लागते, आणि ती आपल्याला सांगू देत नाहीत हे कळावं लागतं. मला दोन्ही कळत होतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. निळ्या टोप्या घातलेल्या बायका आम्हाला ओळीने मांडायच्या आणि प्रत्येकाची परीक्षा घ्यायच्या. आकडा जरा जरी चुकला की तो मीटर बाजूला. मी पास झालो. तेव्हा वाटलं, आता आपण एखाद्या दवाखान्यात जाणार, डॉक्टरांच्या टेबलावर बसणार, आपण आकडा सांगितला की डॉक्टर लगेच औषध लिहून देणार. असं आयुष्य मी मनात रंगवलं होतं.

पण माझी पेटी उघडली ती एका विद्यापीठाच्या फाउंडेशनमध्ये.

हे फाउंडेशन विद्यापीठाच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या आणि काही कंपन्यांच्या देणग्यांवर चालतं. प्राध्यापकांच्या संशोधनाला मदत करायची, गरीब घरातल्या हुशार मुलामुलींना शिष्यवृत्ती द्यायची आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांच्या आरोग्याकडे बघायचं, ही त्याची कामं. कामं चांगली आहेत हे मी आधीच सांगून टाकतो. चांगली आहेत म्हणून तर मला राग येतो. वाईट कामावर रागावून काय करायचं?

या कामांच्या खोल्या एकाच मजल्यावर शेजारी शेजारी होत्या. एकाच किटलीतला चहा सगळीकडे फिरायचा. संशोधनाच्या खोलीतली माणसं शिष्यवृत्तीच्या खोलीतल्या माणसांना रोज विचारायची, "झालं का जेवण?" पण "कोणत्या मुलींना शिष्यवृत्ती देताय? त्यांच्या घरी कसं चाललंय?" असं कोणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. मी संशोधनाच्या कपाटात होतो.

पहिल्याच दिवशी माझी पूजा झाली. नारळ फुटला आणि कोणीतरी मला हळदकुंकू वाहिलं. त्यातलं थोडं कुंकू फटीत गेलं. सगळे पेढे खाण्यात दंग असताना रेश्मा नावाच्या मुलीने कापसाच्या बोळ्याने ते हळूच काढलं. ती गावोगाव फिरून तपासणी करण्याच्या कामावर होती. नगर जिल्ह्यातल्या पाथर्डीकडची, समाजकार्याची पदवी घेतलेली. पुढे मी कायम तिच्याच पिशवीत राहिलो.

आमच्या प्रमुख होत्या डॉ. विजयमाला मॅडम. स्वभावाने कठोर नव्हत्या. डब्यातली भाजी रेश्माला काढून द्यायच्या. त्यांना अभ्यास करायचा होता तो ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांचा. पाथर्डी तालुक्यातली कितीतरी गावं दसरा आला की रिकामी होतात. नवरा-बायकोची जोडी ट्रकमध्ये बसून ऊस तोडायला जाते आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परतते. अशा जोडीला तिकडे 'कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराचं नाव! नवरा एकटाच गेला तर तो 'अर्धा कोयता'. बायकांचं रक्त जाण्याआधी मोजायचं, परत आल्यावर मोजायचं आणि हंगामाने किती रक्त खाल्लं ते बघायचं, असा तो अभ्यास होता.

"तपासताना पडदा आपल्याकडे ठेवायचा," मॅडमनी रेश्माला बजावलं. "आकडा बायकांना सांगायचा नाही."

"का मॅडम?"

"अगं, कळलं की कोणी गोळ्या घेईल, कोणी घेणार नाही. मग उसाने काय केलं आणि गोळीने काय केलं, हे वेगळं कसं करणार? हंगाम संपला की सगळ्यांना एकदम रिपोर्ट देऊ. हा अभ्यास नीट झाला ना, तर सरकारपुढे ठेवता येईल. हजारो बायकांचं भलं होईल, रेश्मा."

मॅडम हे मनापासून बोलत होत्या. पण हजारो बायकांचं भलं करायला निघालेल्या माणसाला समोर बसलेली एक बाई दिसेनाशी होते. हे मला लवकरच कळलं.

गणपती उठले आणि आम्ही गर्भगिरीच्या डोंगराखालच्या एका गावात गेलो. मारुतीच्या देवळाच्या मंडपात सतरंजी टाकली. बायका ओळीने बसल्या. बाजरीची कापणी टाकून आल्या होत्या. कोणाच्या केसात अजून कणसाचं कुसळ होतं. रेश्मा बोट टोचायची, पट्टी सरकवायची आणि मला उचलून स्वतःकडे वळवायची. समोरच्या बाईला माझी पाठ दिसायची. आणि प्रत्येक बाई एकच प्रश्न विचारायची, "किती आलं गं माझं?"

"रिपोर्ट येईल मावशी."

"कवा?"

"पाडव्यानंतर."

मला वाटायचं, या पाठीला फोडून आकडा बाहेर काढावा. जिचं रक्त मी घेतलं, तिलाच मी पाठ दाखवत होतो. घरी आलेल्या माणसाशी कोणी असं वागत नाही.

रांगेत बनुबाई नावाची म्हातारी होती. तिचे ऊसतोडीचे दिवस संपले होते, पण गंमत बघायला आली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्यो मीटर लाइटीच्या मीटरावानी दिसतोय. म्हयन्याला बिल तर न्हाई ना येनार, पोरी?"

"नाही आजी, बिल नाही."

"मग घे माझंबी. अंगात रगत हाय का नुसतं पानी, बगू तरी."

बायका हसल्या. त्यांच्यात एक हसली नाही. तिचं नाव जया. वयाने मोठी नव्हती, पण मंडपाच्या तीन पायऱ्या चढून आली तर खांबाला धरून उभी राहिली. ओठ पांढरट, नखं चमच्यासारखी खोलगट. तोंडात काहीतरी कुरकुर वाजत होतं.

"जये, थुक ती पेन्शील!" बनुबाई ओरडली. "घरात पाटी न्हाई, पाटीवर गिरवनारं लेकरू न्हाई, अन् दुकानातून पेन्शिलीचा पुडा आनती. म्हातारपनी साळंत नाव घालायचं हाय व्हय गं?"

"खावीशी वाटती आत्याबाई. काय करू?" जया ओशाळून म्हणाली.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. अंगातलं लोह संपत आलं की कितीतरी बायकांना माती, खडू, पेन्सिल खावीशी वाटते. शरीर आपल्या परीने सांगत असतं. ते ऐकायला कोणी नसतं, एवढंच.

रेश्माने तिचं बोट टोचलं. थेंब लवकर येईना. बोट चोळावं लागलं. आला तो फिकट होता. मी विचार केला, पुन्हा पुन्हा केला आणि पडद्यावर दाखवलं: ६.४.

रेश्माचा चेहरा उतरला. जयाने विचारलं, "किती आलं ताई?" रेश्मा उठली आणि तिने देवळामागे जाऊन मॅडमना फोन केला. मी तिच्या मुठीतच होतो.

"मॅडम, एकीचं सहा पॉइंट चार आलंय. सांगू ना?"

"नियम काय ठरलाय?"

"पण मॅडम, ती दसऱ्याला ऊस तोडायला निघालीय."

मग मॅडम म्हणाल्या, "एकीला सांगितलं की सगळ्यांना सांगावं लागेल. तिला म्हण, पालेभाज्या खा. ते आपण सगळ्यांनाच सांगतो."

रेश्मा परत आली आणि खाली बघत म्हणाली, "ताई, पालेभाज्या खात जा."

"आनू की," जया म्हणाली. "पानी द्या आदी, मंग मेथी लावते."

त्या दिवशी परत निघायच्या वेळी रेश्माची पावलं जयाच्या घराकडे वळली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. जयाचा नवरा कल्याण ओट्यावर कोयत्याला मूठ बसवत होता. चुलीपुढे त्यांची मुलगी ज्ञानेश्वरी भाकरी थापत होती. नववीतली. बोलायची कमी, पण शाळेत पहिली. रेश्माने पिशवी खुंटीला लावली, त्यामुळे मला सगळं घर दिसत होतं.

"बरं झालं ताई आला," कल्याण म्हणाला. "आमच्या ज्ञानीला तुमच्याच विद्यापीठाची शिष्यवृत्ती लागलीया. सरांचा फोन आल्ता. वसतिगृहात ऱ्हायचं, जेवन-खान फुकट. नगरला सत्कार हाय म्हन."

रेश्माला आनंद झाला. "अरे वा! मग जाणार ना ज्ञानेश्वरी?"

कल्याण मूठ ठोकत राहिला. "सत्काराला जाऊ. पर पुढचं अवघड हाय. ते म्हनत्यात वरीसभर साळंत हजर पायजे. अन् हिच्या आईचं तर बगताय तुमी. मागल्या साली फळीवरनं मोळीसकट खाली आली. ट्रकात ऊस भरायचा म्हंजी फळीवरून चढावं लागतं. यंदा ही रांधील, ज्ञानी मोळ्या बांधील. अर्ध्या कोयत्यावर मुकादम न्हेत न्हाई."

भाकरी थापणारे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी ज्ञानेश्वरीने ती उलटली नाही.

"माज्या डोळ्यापुढं अंधारी येती," जया म्हणाली. "म्हनलं तर म्हनत्यात ढोंग करती, अंगचोर हाय."

"मी न्हाई म्हनलो. मुकादम म्हनला."

"तुमी गप बसला हुता."

कल्याण पुन्हा मूठ ठोकायला लागला. आणि मी खुंटीवर लटकत होतो, पोटात सहा पॉइंट चार घेऊन! ती बाई ढोंग करत नव्हती. तिच्या अंगात निम्मंच रक्त होतं म्हणा ना. फाउंडेशनच्या एका खोलीला ठाऊक होतं की आई आजारी आहे. शेजारची खोली म्हणत होती की मुलगी वर्षभर शाळेत राहिली पाहिजे. आई बरी झाली तरच मुलगी शाळेत राहणार, ही साधी गोष्ट होती. पण त्यासाठी एका खोलीने दुसरीचं दार वाजवायला हवं होतं. ते दार कोणी वाजवलं नाही. एका हाताने शिष्यवृत्ती द्यायची आणि दुसऱ्या हाताने ती मिळू नये अशी व्यवस्था करायची, याला काय म्हणायचं?

सत्काराचा कार्यक्रम नगरच्या एका मोठ्या सभागृहात झाला. दसरा चार दिवसांवर आला होता. व्यासपीठावर झेंडूच्या माळा, खाली मुलींचे आईबाप. बाप लोक नवी टोपी घालून, खुर्चीच्या टोकावर बसलेले. मागे टेकलं तर खुर्ची मळेल असं त्यांना वाटत असावं. व्यासपीठाच्या एका कडेला टेबल मांडून फाउंडेशनच्या कामाचं प्रदर्शन केलं होतं. गुलाबी सॅटिनच्या कापडावर मला ठेवलं होतं. विजयमाला मॅडम आणि रेश्मा टेबलाशी उभ्या होत्या.

सूत्रसंचालक माईकवर म्हणाले, "आपले प्रमुख पाहुणे स्वतः रक्ततपासणी करून घेऊन आरोग्याचा संदेश देणार आहेत!"

पाहुणे आले. मोठे उद्योजक. त्यांनी बोट पुढे केलं. मॅडमनी टोचलं, पट्टी सरकवली. मी आकडा दाखवला. आणि मग मला कोणीतरी उचलून उंच धरलं, पडदा सगळ्या सभागृहाकडे!

"पंधरा पॉइंट दोन! साहेब एकदम ठणठणीत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कॅमेरे चमकले. पाहुण्यांनी विचारलंही नव्हतं, तरी त्यांना आकडा मिळाला. अख्ख्या सभागृहाला मिळाला. मंडपातल्या त्या बायका एकेक करून विचारत होत्या, त्यांना मात्र माझी पाठ! शरमेने माझा पडदा विझला तर बरं, असं मला वाटलं.

त्याच वेळी नाव पुकारलं गेलं, "कुमारी ज्ञानेश्वरी आणि तिच्या मातोश्री!"

जया मुलीचा हात धरून पायऱ्या चढली. धापा टाकत होती. पाहुणे हार घेऊन उभे होते. पण जया त्यांच्याकडे गेली नाही. ती टेबलापाशी थांबली आणि तिने बोट पुढे केलं.

"माझंबी सांगा."

"ताई, इकडे या, इकडे," सूत्रसंचालक म्हणाले. "फोटो काढायचाय."

"फोटू मागनं काढा. आदी आकडा."

सभागृहात कुजबुज झाली. शिष्यवृत्ती विभागाचे गोरक्षनाथ सर लगबगीने आले. हळू आवाजात म्हणाले, "ताई, कार्यक्रम चाललाय. नंतर ऑफिसला या, सगळं सांगू."

"दसऱ्याला ट्रक सुटतोय सर. मंग कुटं येऊ? उसाच्या फडात हाय का तुमचं हापिस?"

मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. ज्ञानेश्वरी आईचा पदर ओढत होती. लाजेने तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "आई, चल ना. सगळे बघत्यात."

"बगू दे." जयाचं बोट हललं नाही. "ह्या सायबांचं रगत घेतलं अन् तितंच सांगितलं. माझं घेऊन लई दिस झालं. माझं रगत काय निराळं हाय? म्याडम, मला अवशिद नका देऊ, काय नका देऊ. मी ढोंगी हाय का न्हाई, तेवढं सांगा. मंग मी जाती."

रेश्माने त्यांच्याकडे बघितलं, मग परवानगीची वाट न बघता नवी पट्टी काढली. सुई घ्यायला हात पुढे केला, तर मॅडमनी तो अडवला. मला वाटलं, झालं, आता मला डब्यात बंद करणार.

"मी करते," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी स्वतः जयाचं बोट चोळलं, टोचलं. पट्टी सरकवली. आणि मला उचलून जयाच्या हातात दिलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच, ज्या हातातून रक्त घेतलं त्याच हातात मी होतो. तळव्याला घट्टे होते, आणि तो थंडगार होता. मी आकडा दाखवला. आता तो आणखी खाली गेला होता: ६.१.

"सहा," जयाने वाचलं. "हे चांगलं का वाईट?"

"वाईट, ताई. खूप वाईट. बाराच्या वर लागतं." मॅडम म्हणाल्या. "मला आधीच सांगायला हवं होतं."

"म्हंजी ढोंग न्हवं?"

"नाही. मुळीच नाही."

जया तिथेच व्यासपीठावर बसली आणि हसली. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी हसत होती. एवढ्या वाईट आकड्यावर एवढं मोकळं हसलेलं माणूस मी पाहिलेलं नाही.

कल्याण मधल्या वाटेने पुढे आला. टोपी हातात घेतलेली. व्यासपीठाच्या खाली उभा राहून म्हणाला, "म्याडम, सहाच हाय तर हिनं मागल्या साली मोळ्या कशा वाहिल्या?"

कल्याण जयाकडे वळला. मग म्हणाला, "मला सांगायचं हुतं गं."

"रोज सांगत हुते," जया म्हणाली.

सूत्रसंचालकांनी पुढचं नाव घाईघाईने पुकारलं. पण बोट पुढे केलेल्या जयाचा फोटो कॅमेरावाल्याने तोवर काढला होता.

तिथून जयाला नगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त चढवलं, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी ठणकावून सांगितलं, यंदा ऊस नाही. कल्याणने मुकादमाशी, म्हणजे टोळी नेणाऱ्या बजरंगशी, वाद घातला आणि शेवटी अर्धा कोयता म्हणून एकटं जायचं ठरवलं. ज्ञानेश्वरीला तो स्वतः वसतिगृहात सोडून आला. तिची पेटी डोक्यावर घेऊन गेला. निघताना तिला म्हणाला, "उसाकडं मी बगतो. तू पुस्तकाकडं बग." हे रेश्मा मॅडमना सांगत होती तेव्हा मला कळलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी चिडलो नसतो. पण ऐका.

सत्कारानंतर दोनच दिवसांनी फाउंडेशनच्या समितीची बैठक झाली. मी टेबलावरच होतो. समिती म्हणाली, या बाईला उपचार मिळाले, म्हणजे ती आता अभ्यासाच्या कामाची राहिली नाही. तिला अभ्यासातून वगळा. रक्त कमी असलेली बाई त्यांना चालत होती. बरी होत असलेली चालेना! आणि त्याच बैठकीत ठरलं की वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर जयाचा फोटो घ्यायचा. खाली ओळ: 'आरोग्याविषयी जागरूक झालेली आमची लाभार्थी'. तिला जागं कोणी केलं? तुम्ही? झोपला होतात तुम्ही. तिने तुम्हाला उठवलं.

विजयमाला मॅडम उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाकीच्या बायकांनाही आकडे सांगू या. ज्यांचं कमी आहे त्यांना थांबवू या. माझा अभ्यास बिघडला तरी चालेल."

"विचार करू," समिती म्हणाली. "निर्णय पुढच्या बैठकीत."

"पुढची बैठक कधी?"

"दसऱ्यानंतर."

ट्रक दसऱ्यालाच सुटणार होते. मॅडम खोलीत आल्या, कपाट उघडलं आणि उरलेल्या पट्ट्यांचा डबा रेश्माच्या पिशवीत टाकला. "जा," एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने स्वतःही गाडीत येऊन बसल्या.

दसऱ्याच्या सकाळी गावात ट्रक उभे होते. वर भांडी, पांघरुणं, पिठाचे डबे, बांधलेल्या शेळ्या, त्यांच्यात लेकरं. मारुतीच्या पारावर जया बसली होती. दवाखान्यातून नुकतीच आली होती, अजून फार चालवत नव्हतं. पण तिने तिथूनच एकेकीला हाका मारल्या. "ए, चढू नगं! आदी आकडा विचार. इचारल्याशिवाय कुनी सांगत न्हाई, मी सांगती ना."

बायका ट्रकवरून उतरल्या. रेश्मा टोचत होती आणि मॅडम मला धरून बसल्या होत्या, पडदा बायकांकडे करून. प्रत्येकीचा आकडा मोठ्याने सांगत होत्या. दहा. नऊ. अकरा. सात. सात आलेली बाई नवऱ्याकडे बघत राहिली. नवरा जमिनीकडे.

बजरंग मुकादम ओरडला, "जत्रा भरलीया का हितं? बसा लवकर! कारखाना काय तुमच्यासाटी थांबनार हाय?"

"तूबी दे की बोट, बजरंगा," बनुबाई म्हणाली. "तुज्यात रगत हाय का नुसतं कमिशन, गावाला कळू दे तरी."

ट्रकवरची लेकरंसुद्धा हसली. काही बायका आकडा ऐकून मागे राहिल्या. ज्यांना राहता येत नव्हतं त्या मॅडमनी आणलेल्या लोहाच्या गोळ्यांची पाकिटं पदरात बांधून पुन्हा वर चढल्या. सात आलेलीही चढली. आकडा कळला म्हणजे सगळं झालं असं नाही, हे मलाही कळतं. पण तिला आता ठाऊक आहे. उद्या चक्कर आली तर तिला कोणी ढोंगी म्हणू शकणार नाही.

आणि मग पट्ट्या संपल्या.

रेश्माने डबा उलटा करून झटकला. काही पडलं नाही. अजून निम्मी रांग उभी होती. मॅडम उठून म्हणाल्या, "संपल्या हो." रांग मोडली नाही. ट्रकचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, तेव्हा बायका एकेक करून वर चढल्या. एकीने चढता चढता विचारलं, "मंग माझं?" ट्रक डोंगराच्या वळणाला लागले आणि धूळ खाली बसेपर्यंत कोणी हललं नाही.

आता नव्या पट्ट्यांची वाट बघत मी रेश्माच्या घरी, भिंतीतल्या दिवळीत आहे. मॅडम त्या पट्ट्यांसाठी समितीपुढे जाऊन भांडतात, दर वेळी नवीन कारण ऐकून येतात. आधी मंजुरी, मग सही, मग पुढचं वर्ष. मी मोडलेलो नाही. माझा सेल चांगला आहे. बटण दाबलं की पडदा उजळतो आणि पट्टी मागतो. पट्टी नसेल तर मी आंधळा.

मला निरोप देऊ नका. निकामी यंत्र म्हणून हळहळू नका. दुसऱ्या एखाद्या समारंभात गुलाबी कापडावर ठेवून माझा सत्कार तर अजिबात करू नका. संशोधन करा, जरूर करा. शिष्यवृत्त्या द्या. पण ज्याच्या अंगातून घेता त्याला आधी सांगा आणि सांगितल्यावर औषधही द्या. फार मोठं मागणं नाही हे.

त्या बायका पाडव्याला परत येतील. त्यांच्याआधी पट्ट्या आल्या पाहिजेत.